शेवटच्या कडव्यातलं नाव

मुखेड
९ जानेवारी २०२५

सुगत,

जयभीम.

चौदा वर्षांनी लिहितेय म्हणून सुरुवात जरा भारदस्त करावी असं ठरवलं होतं. चार कागद फाडले. तुझे दाजी दारात बसून बघत होते. म्हणाले, "भावाला पत्र लिहून राहिलीस का रद्दी करून राहिलीस?" म्हणून हा पाचवा कागद जसा उतरेल तसा पाठवतेय.

काल पुनमचा फोन आला. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी तुझ्या लग्नातच म्हटलं होतं. घशातली गाठ काढली आणि ती साधी निघाली हे तिनं सांगितलं तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते. मग ती म्हणाली, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि गाण्याचा आवाज परत येईल का ते सांगता येत नाही. तेव्हा मात्र मी खाली बसले. तुझ्या आवाजाशी माझं चौदा वर्षं भांडण होतं, पण तो जावा असं मला कधीच वाटलं नाही.

फोन का केला नाही असं विचारशील. तुला बोलायची बंदी, मी एकटीच बोलणार. आणि मोबाइलवर लिहिलं की त्या दोन निळ्या रेघा दिसतात आणि उत्तराची वाट बघत बसावं लागतं. पत्राचं बरं असतं. तुला मधे तोंड घालता येत नाही. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकशील.

मी नोव्हेंबरात निवृत्त झाले. शाळेनं सेवापूर्तीचा कार्यक्रम केला. साडी, नारळ, भाषणं. एक गुरुजी म्हणाले, बाईंनी सगळं आयुष्य पोरांना दिलं. टाळ्या पडल्या आणि मी आपली विचार करत बसले, सगळं दिलं म्हणे, मग मी जगले कशावर?

गरम पाणी पी. मफलर काढू नकोस. देगलूरच्या त्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती मी कधीच विसरले आहे.

आक्का


मुखेड
२७ जानेवारी २०२५

सुगत,

तुझं उत्तर मिळालं. चौदा वर्षांनी तीन ओळी! पहिल्या ओळीत माझं अक्षर अजून फळ्यावरचंच आहे म्हणतोस. असू दे. तुझं अजून कोंबडीचंच आहे.

दुसऱ्या दोन ओळी मी दाजींना वाचून दाखवल्या नाहीत. "आक्का, आता माझ्यात काही राहिलं नाही. पेटी भीमाला देऊन टाकतोय." ज्या पेटीवर बसून तू लहानपणी मार खाल्लास, जी बाबांनी नांदेडहून एसटीच्या टपावर घालून आणली, ती तू देऊन टाकणार? भीमा चांगला माणूस आहे, पंचवीस वर्षं त्यानं तुझ्या पार्टीत ढोलकी वाजवली, पण त्याला पेटीतलं काय कळतं? मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. कारकुनी तू पोटासाठी केलीस. ऑफिसातून सुटून, पेटी खांद्याला मारून गावोगाव जायचास तेव्हा तू सुगत असायचास. आता नरड्याला चार टाके पडले म्हणून हातांनीसुद्धा संप करायचा का?

आठवतं का, शनिवारी लातूरची गाडी यायची आणि तू थेट स्वयंपाकघरात यायचास? मी भाकरी थापत असायचे. तू उंबऱ्यावर पेटी मांडायचास. मी आठवडाभरात जुळवलेलं गाणं म्हणून दाखवायची, माझ्या त्या फुटक्या आवाजात, आणि तू डोळे मिटून म्हणायचास, "आक्का, इथं जरा कमी पडतंय." मग आपण दोघं तो एक शब्द शोधायचो. तव्यावरची भाकरी करपायची. आई तेव्हा माझ्याकडंच राहायची, ती ओरडायची, "ह्यांच्या गाण्यापायी आज पुन्हा काळी भाकर खावा सगळ्यांनी."

तेव्हा मला शाळा होती, दोन लेकरं होती, सासूबाईंचं पथ्य होतं. गाणी मी हजेरीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहिली. आता बघ, घरात गॅस आहे, मोतीबिंदू काढलाय, दिवसभर कुणी हाक मारत नाही, आणि रोज सकाळी चहा झाला की मी वही उघडून बसते. एक ओळ येत नाही. मला वाटायचं, वेळ मिळाला की मी लिहीन. वेळ मिळालाय आणि मी त्याच्याकडे बघत बसलेय. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

पेटी देऊ नकोस. निदान मी सांगेपर्यंत देऊ नकोस.

आक्का


मुखेड
१८ फेब्रुवारी २०२५

सुगत,

यावेळी तू काहीच लिहिलं नाहीस. पुनम म्हणाली, आता थोडं बोलायला परवानगी आहे तरी बोलत नाहीस, खिडकीशी बसून असतोस. मला वाटतं आपल्या दोघांच्या घशात एकच गोष्ट अडकली आहे. मागं मी म्हटलं होतं की विसरले. ते खोटं होतं.

आपल्या गाण्याची रीत तुला सांगायला नको. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याचं गाणं. ऐकणाराही शेवटचं कडवं आलं की कान टवकारतो, गाणं कुणी लिहिलं ते कळावं म्हणून. आणि माझ्या सगळ्या गाण्यांच्या शेवटी तुझं नाव होतं. त्या खडीच्या गाण्याच्याही.

*मायनं माझ्या खडी फोडली, मला पाटी दिली*
*हाताला तिच्या फोड आले, माझी अक्षरं झाली*

आणि शेवटी, "सुगत म्हणे, त्या मायची ओवी मी ही लिहिली." पंधरा वर्षं तू ते गात होतास आणि मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. मला काही खुपत नव्हतं. माझं नाव लांब आहे, पंचशीला, चालीत बसत नाही, असं मीच तुला सांगितलं होतं आणि ते तसंच चाललं होतं.

मग देगलूरची जयंती. तुला शाल घातली, माइकवरून सांगितलं की हे गीतकार सुगत, आणि कुणीतरी विचारलं, "हे गाणं तुम्हाला कसं सुचलं?" तू एकदा बायकांच्या बाजूला बघितलंस. मला वाटलं, आता सांगेल. तू म्हणालास, "आमच्या मायचे हात बघून. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायची, मी शेजारी बसून बघायचो."

सुगत, तू वर्षाचा होतास. तू बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपला होतास आणि झोळीची दोरी माझ्या हातात होती. मी सहा वर्षांची. आईच्या हातांना फोड आलेले मी बघितले, फडक्याला तेल लावून मी बांधले. पहिली पाटी मला मिळाली. गाण्यावर तू नाव लावलंस त्याचं मला काही वाटलं नसतं, पण तू माझे डोळे घेतलेस.

मी कार्यक्रम सोडून उठले आणि मिळेल ती गाडी पकडून घरी आले. तू दोनदा आलास, मी दार उघडलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला आपण दोघं एकाच मांडवात दोन टोकांना बसलो. तिला ते दिसत नव्हतं एवढंच बरं. मुखेडला तुझी पार्टी आली की मी लेकीकडं नांदेडला जायची. त्या दिवसापासून आजपर्यंत तुझा एकही कार्यक्रम मी ऐकला नाही, आणि त्या दिवसापासून मी एकही गाणं लिहिलेलं नाही.

लिहून झालं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

आक्का


मुखेड
१२ मार्च २०२५

सुगत,

पत्र टाकून आल्यापासून मला झोप नीट नाही. रोज पोस्टमनकडं बघते. तुझे दाजी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनं ऐकून निवृत्त झालेले, त्यांना आवाजातली कुरकुर लगेच ओळखू येते. काल जेवताना म्हणाले, "तू त्याला अर्धंच लिवलंस." मी विचारलं, अर्धं म्हणजे? तर म्हणाले, "ते मला काय म्हाईत? तोंडावरनं दिसून राहिलंय."

तेव्हा उरलेलं अर्धं लिहिते. कागद फाडायच्या आत पाकिटात घालणार आहे.

माझं नाव चालीत बसत होतं. बसवून बघितलं होतं मी, भाकरी थापता थापता, तू यायच्या आदल्या दिवशी. "पंचशीला म्हणे" असं जरासं ओढून म्हटलं की छान बसत होतं. तुला मी खोटं सांगितलं.

का, ते सांगते. मला भीती वाटत होती. मी बदलून नव्यानं इथल्या शाळेत आलेली बाई, गावात तोंड दाखवायचं होतं. गाणं कुणाला आवडलं नाही, लोक हसले, कुणी म्हणालं की ही कोण लागून गेली गाणी लिहिणारी, तर? मनात असं होतं की पडलं तर ते तुझ्या नावावर पडावं. तुला पुढं केलं आणि मी मागं बसले. गाणं पडलं नाही, गाजलं, आणि मग मला ते परत पाहिजे झालं. पण तोंडानं मागायची हिंमत नव्हती म्हणून वाट बघत बसले की तू आपणहून देशील. तू दिलं नाहीस म्हणून चौदा वर्षं दार लावून बसले.

आणि आईच्या हातांचं. ती गोष्ट तुला सांगितली कुणी? मीच. झोपवताना, न्हाऊ घालताना, शाळेत सोडताना. इतक्यांदा सांगितली की तुला ती तुझ्या डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटली असेल. त्यात तुझी चूक किती आणि माझी किती, हे मला आता खरंच सांगता येत नाही. शाल घेताना तू चुकलास, ते चुकलासच. पण माझी चूक तुझ्या आधी पंधरा वर्षांची आहे.

अठ्ठावन्न वर्षांची झाले. शाळेत पोरांना म्हणायची, चुकलं तरी चालेल, फळ्यापाशी येऊन लिहा. स्वतः मात्र कधी फळ्यापाशी गेले नाही. जगायचं राहून गेलं ते कामामुळं नाही रे, माझ्या भित्रेपणामुळं राहिलं. शाळा तर मला आवडायची.

माफ कर म्हणत नाही, तुला ते शब्द माझ्या तोंडी विचित्र वाटतील. पण समज.

आक्का


मुखेड
३० मार्च २०२५

सुगत, अरे गाढवा,

हे पत्र मी ओट्यापाशी उभी राहून लिहितेय, खाली बसायचंही सुचत नाही. काल जे झालं ते नीट क्रमानं सांगते.

आपल्या वस्तीतल्या बायका यंदा जयंतीला गाणी म्हणणार आहेत. निवृत्त बाई रिकामीच आहे म्हणून तालमीला मला बोलावलं, उच्चार बघायला. त्यात एक नवी सून आहे, रेणुका, देवणीकडच्या गावातली. आवाज असा मोकळा की मी चष्मा काढून ऐकत बसले. आणि ती काय गायला लागली? आपलं खडीचं गाणं. मी उठणार होते. सवयीनं पाय दाराकडं वळले पण. तेवढ्यात शेवटचं कडवं आलं आणि ती म्हणाली,

*सुगताची आक्का म्हणे, ओवी मी ही लिहिली*

मी म्हटलं, "थांब. असं कुणी शिकवलं?"

ती घाबरली. "चुकलं का बाई? आमच्या गावाला लातूरचे सुगत गुरुजी यायचे, पोरींना गाणे शिकवायला. त्यायनंच शिकवलं."

"कधी?"

"माझी धाव्वी होती तवा. बारा साल आसंल."

म्हणजे देगलूरच्या दुसऱ्याच वर्षी. मी विचारलं, "ते स्वतः पण असंच गायचे?"

"हाव. दरवक्ती. गायच्या आधी सांगायचे, हे गाणं माझं न्हाई, माझ्या आक्काचं हाय. मी लई मोठी चूक केली, म्हनून आता गावोगाव जाऊन दुरुस्त करून राहिलो. आन् आम्हाला म्हनायचे, शेवटची ओळ बदलायची आसंल तर हे गाणं गाऊ नका."

तिथल्या तिथं मला रडू फुटलं, वीस बायकांसमोर. रेणुकानं पाणी आणलं. तिला वाटलं तिनंच काहीतरी मोडलं. शेवटी मी सांगितलं, "अगं, ती आक्का मीच." त्यावर सगळ्या जणी जे काही एकदम बोलायला लागल्या ते लिहिणं शक्य नाही.

तेरा वर्षं, सुगत! तेरा वर्षं तू गावोगाव माझं नाव सांगत फिरत होतास आणि मी तुझी गाडी आली की दुसऱ्या गाडीत बसून नांदेडला जात होते. एकदा तरी बसून ऐकलं असतं तर? तू तरी एकदा लिहायचं होतंस! पण तू दोनदा दाराशी आला होतास, तेच सांगायला आला असशील. मी कडी काढली नाही.

आणि दुसरं. "सुगताची आक्का" कशाला? मला नाव नव्हतं का? दिवसभर ह्याचाच राग करत होते आणि भाजी चिरताना लक्षात आलं. माझं नाव चालीत बसत नाही, असं तुला मीच सांगितलं होतं. माझं खोटं तू खरं धरलंस आणि बिचाऱ्यानं त्यातून वाट काढलीस. मी हसले आणि परत रडले. दाजींनी भाजीत मीठ दोनदा पडलं म्हणून कुरकुर केली.

आता ऐक. पेटी भीमाला मिळणार नाही. मी आज त्याच्याकडं जाऊन आले. तो म्हणाला, "आक्का, मला काय करायची पेटी? तो देतो म्हनला म्हनून हाव म्हनलो, न्हाईतर त्यानं इकून टाकली आसती." म्हणजे त्यानं ती वाचवायलाच घेतली असती. चौदा एप्रिलला तू पेटी घेऊन मुखेडला ये. गायचं नाही. डॉक्टरांचं ऐकायचं, नुसती बोटं चालवायची. भीमा ढोलकी आणतोय. रेणुका आणि बायका कोरस धरतील.

आणि गाणं मी म्हणणार आहे. माझा आवाज तुला माहीत आहे. लोक हसले तर माझ्या नावावर हसू देत.

आक्का

ता. क. आज सकाळी एक ओळ आली. नवीन. आल्यावर दाखवीन, "इथं कमी पडतंय" म्हणायला तू पाहिजेस.


मुखेड
१५ एप्रिल २०२५

सुगत,

तू सकाळच्या गाडीनं गेलास आणि मफलर खुंटीलाच राहिला. तो पाठवायचा म्हणून पाकीट आणलं आणि त्यात नुसता मफलर कसा घालायचा म्हणून लिहितेय. तू काल तिथंच होतास, सगळं बघितलंस. तरी मला ते एकदा माझ्या अक्षरात पाहिजे.

तू स्टँडवर उतरलास तेव्हा केवढा वाळलेला दिसलास. पेटी तू एका बाजूनं धरलीस, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आपण तशीच घरी आणली. दाजी मागून म्हणाले, "आता आधी जेवा. रडाय बसलात तर भाकर गार व्हईल."

मी मंचावर चढले. छत्तीस वर्षं शिकवलेली पोरं आता बाप होऊन समोर बसलेली. तू सूर धरलास आणि मी सुरू केलं. पहिल्याच ओळीला माझा आवाज फाटला. मागं कुणीतरी हसलं. ऐकलंस ना? मला वाटलं होतं की हसणं ऐकून मी मरेन. मेले नाही. दुसरी ओळ म्हटली. फोडांच्या ओळीला मला आई दिसली, उन्हात बसलेली, आणि बाजूला तुझी झोळी.

मग शेवटचं कडवं आलं. घरी शंभरदा म्हटलेलं, पण त्या जागी आले आणि अडले. माझं स्वतःचं नाव मला तोंडातून काढता येईना. भीमा ढोलकीवर तोच ठेका फिरवत राहिला. रेणुका माझ्याकडं बघत होती. आणि पेटीच्या मागून एक आवाज आला, खरखरीत, अर्धा वारा आणि अर्धा सूर.

*पंचशीला म्हणे...*

तेवढे दोनच शब्द. जरासे ओढून, अगदी बरोबर. एकोणतीस वर्षांत तू ते नाव त्या जागी एकदाही म्हटलं नव्हतंस आणि पहिल्याच खेपेला ते बसलं. पुढची ओळ मग मी म्हटली. मोठ्यानं म्हटली.

डॉक्टरांना कळलं तर ते मलाच रागावतील, खुशाल रागावू देत. पुनमला मी सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस.

रात्री तू नवीन ओळ ऐकून म्हणालास, म्हणजे पाटीवर लिहिलंस, "इथं कमी पडतंय." बरोबर आहे. मी सकाळपासून तोच शब्द शोधतेय आणि आत्ताच तव्यावरून भाकरी करपल्याचा वास आला. शनिवारी ये. गाडीची वेळ तीच आहे, उंबरा तोच आहे.

पंचशीला
(सुगताची आक्का)